अनुभव धागा: तुमच्या घरी पेप्पा पिग कधी शिरली?

परवा इंदूरच्या छप्पन दुकानला, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, पोहे खाताना चार वर्षांच्या लेकीने आधी शेव बाजूला केली, मग जिलबी उचलली आणि गल्ल्यावरच्या माणसाला नाकातून जोरदार 'घुर्रर्र' करून दाखवलं. मी ओशाळलो. तो म्हणाला, "भिया, हमारे यहाँ भी यही चल रिया है."

म्हणजे दुखणं फक्त आमच्याच घरचं नाही. पेप्पा पिग म्हणजे २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली, डुकरांच्या कुटुंबाची ही लहान मुलांची कार्टून मालिका; बोलता बोलता घुरघुरणं ही त्यांची सवय. पाच-पाच मिनिटांचे भाग, टेकडीवरचं घर, आई-बाबा, पेप्पा आणि धाकटा जॉर्ज. राक्षस नाही, जादू नाही. सर्दी, पिकनिक, पाऊस, एवढंच, आणि शेवटी सगळे हसत सुटतात. तरी पोरं जागची हलत नाहीत. इंदूरच्या मराठी घरांत काय काय झालं ते लिहा. स्क्रीन टाइमवर प्रवचन नको, ते व्हॉट्सॲपवर रोज येतं.

रामबागेतली आजी
आमच्या घरात 'डुक्कर' ही शिवी. नातू एक दिवस कौतुकाने म्हणाला, "आजी, तू ग्रॅनी पिग!" सत्तर वर्षांत असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. हे पेपरामागून म्हणाले, "अगं, वराह अवतारच तो." मग मीही बघायला बसले. त्यातले आजी-आजोबा वेगळ्या घरात राहतात, आजोबा भाजीपाला लावतात, पोरं त्यांच्याकडे जातात-येतात. इथवर ठीक. पण रात्री पानावर बसल्यावर नातवाने विचारलं, "आजी, तू तुझ्या घरी कधी जाणार?" सूनबाईच्या हातातला डाव वरणातच राहिला. मी म्हटलं, हेच माझं घर, तुम्ही सगळे माझ्याकडे राहायला आला आहात. त्याला ते लगेच पटलं. सूनबाईचं विचारलं नाही.

सुदामा नगर, घरून काम करणारी आई
मम्मी पिग कॉम्प्युटरवर काम करत असते, पोरं कळा बडवतात, कॉम्प्युटर बंद पडतो. मग डॅडी पिग तो बंद करून परत चालू करतो. मालिकेतली मम्मी लॉकडाउनच्या कितीतरी आधीपासून घरून काम करते आहे! आमच्याकडे मुलाने नेमकं तेच केलं, तेही क्लायंटच्या कॉलमध्ये. नवऱ्याने बंद करून चालू केला. फाइल गेलीच.

मल्हारगंजातला बाबा
आम्ही जुन्या वाड्यात राहतो. बायको माहेरी गेली होती, जाताना म्हणाली, आबांचा फोटो टांगून ठेवा. डॅडी पिगचा तो भाग माहीत असेल: खिळा ठोकता ठोकता भिंतीला भगदाड पडतं आणि मम्मी यायच्या आत पोरांना घेऊन तो ते बुजवतो. मी दुसरा घाव घातला आणि ताटाएवढा पोपडा माझ्या पायावर पडला. आत नुसती माती. लेक टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, आता आई यायच्या आत!" हार्डवेअरच्या दुकानातून पुट्टी आणली, दोघांनी थापली. पुट्टी पांढरीफेक, भिंत पिवळट. वर लेकीने ओल्या पुट्टीत पंजा उमटवला. मम्मी पिगला काही कळत नाही. आमच्या हिला चपला काढायच्या आधीच कळलं. फोटो आता त्या पंजावर टांगला आहे.

एक त्रासलेली आत्या
मला नाही आवडत. ती पेप्पा आगाऊ आहे, बापाला उठता-बसता 'सिली' म्हणते. भाची आता दादाला पोटावरून चिडवून राहिली आहे.

त्याच आत्याचा दादा
पोट आहे, त्याला ती काय करणार?

लोकमान्य नगर, दोन मुलांची आई
चिखलात उड्या मारायच्या तर बूट घालूनच, असा मम्मी पिगचा नियम. म्हणून आम्हीही गमबूट आणले. पण तिथला चिखल पुसला की जातो. आपली माळव्याची काळी माती चिकटली की बूट तिथेच आणि पोरगं मोज्यांवर पुढे. मोजे तीनदा धुतले, मग पायपुसण्यात टाकले. आणि भाषा! शेजाऱ्यांशी हिंदी, आजीशी मराठी, डबक्यात मात्र साहेबी इंग्रजी.

राजेंद्र नगरची मावशी
मे २०२५ मध्ये पेप्पाला बहीण झाली, इव्ही. तेव्हापासून बहिणीच्या मुलीने घर डोक्यावर घेतलं होतं, आपलं बाळ कधी? झालं, पण मुलगा. ती म्हणाली, मग हा जॉर्ज. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून कानात ठरलेलं नाव सांगितलं, कुर्रर्र झालं, पाठीत गुद्दे पडले. तेवढ्यात ही मधून घुसली, वाकली आणि बाळाच्या दुसऱ्या कानात सांगितलं, "जॉर्ज." मग तशीच वाकून उभी राहिली. हलेचना. तिच्याही पाठीत गुद्दे घातले तेव्हा कुठे घुगऱ्या वाटता आल्या.