एसएपी: एका बोल्टसाठी मटेरियल मास्टरचे इतके व्ह्यू कशाला?

खरेदीविभाग: आमच्याकडे एसएपी (कंपनीची खरेदी, साठा, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) सुरू होतंय. मास्टर डेटा, म्हणजे प्रत्येक वस्तूची मूळ माहिती, गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. मास्टर एकदा तयार करायचा आणि ऑर्डर, बिलं त्याच्या आधारावर होतात, इथपर्यंत कळलं. पण साध्या बोल्टसाठी परचेसिंग, एमआरपी (मालाच्या गरजेचं प्लॅनिंग), अकाउंटिंग असे एवढे टॅब, म्हणजे व्ह्यू? जुन्या एक्सेलमधलं फक्त नाव आणि कोड चढवले तर चालेल का?

स्टोअरकीपर: नका हो असं करू. प्रत्येक विभाग त्याच बोल्टकडे आपापल्या व्ह्यूमधून बघतो. एमआरपी व्ह्यू नसेल तर प्लॅनिंगमध्ये तो बोल्ट येणारच नाही. अकाउंटिंग व्ह्यू नसेल तर माल गेटवर येऊनही स्टॉकला घेता येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ बेस युनिटला, म्हणजे स्टॉक ज्या एककात मोजायचा त्याला, द्या, ही माझी कळकळीची विनंती. समजा, तुम्ही ‘नग’ ठेवलं आणि सप्लायर किलोने देतो. मग १ किलोत किती नग, हे मास्टरमध्येच लिहावं लागतं. तिथे ५० च्या जागी ४० पडले की प्रत्येक जीआरएन (माल आल्याची नोंद) चुकतो. स्टॉक मोजणीत फरक येतो आणि जाब स्टोअरच्या माणसाला विचारतात. मास्टर उघडून कोणी बघत नाही. शिवाय एकदा स्टॉक आला, ऑर्डरी लागल्या की बेस युनिट बदलता येत नाही. बहुतेक वेळा नवा कोडच काढावा लागतो.

लेखापाल: भर घालतो. व्हॅल्युएशन क्लासवरून, म्हणजे मालाच्या हिशेबी गटावरून, खर्च किंवा साठा कोणत्या जीएल (जनरल लेजर) खात्यात जाईल ते ठरतं, म्हणून तो आम्हाला विचारूनच भरा. विकत घेतलेल्या मालाला सहसा मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे बदलता सरासरी दर, असतो. तो दर प्रत्येक आवकेबरोबर सिस्टिमच बदलते, म्हणजे मास्टरमधलं सगळंच स्थिर नसतं.

खरेदीविभाग: आता पटलं. पण एक्सेलमध्ये ‘बोल्ट एम८’, ‘एम ८ हेक्स बोल्ट’, ‘हेक्स बोल्ट ८ एमएम’ अशा तीन ओळी आहेत. वस्तू एकच.

स्टोअरकीपर: मग तीन ठिकाणी थोडा थोडा स्टॉक दिसेल आणि असलेलाच माल पुन्हा मागवाल. वर्णनाला ४० अक्षरंच मिळतात, त्यामुळे क्रम आधीच ठरवा: वस्तू, प्रकार, माप, लांबी, धातू. तिन्हींचा एक कोड करा. जुना कोड ‘ओल्ड मटेरियल नंबर’मध्ये टाका, शोधायला सोपं जातं. नवे कोड काढायचा अधिकार एका-दोघांकडेच ठेवा. आणि अपलोडच्या आधी बाकी असलेल्या ऑर्डरी तपासा: त्या तिन्हींपैकी कोणत्या कोडवर आहेत, हे खरेदीलाच सांगता येईल.