वीज कंपनीची चार उद्दिष्टं आणि आमची मीटररूम

मधला_मजला (धागाकर्ता)
या महिन्याच्या बिलासोबत आमच्या वीज कंपनीची गुळगुळीत घडीपत्रिका आली. नाव घेत नाही, नावाने काही बदलत नाही. कंपनीची चार उद्दिष्टं: आर्थिक सक्षमता, सुरक्षितता, पर्यावरण, सामाजिक बांधिलकी. चारही सारख्या मापाच्या चौकोनांत. पर्यावरणाच्या चौकोनात किती रोपं लावली तो आकडा. सुरक्षिततेच्या चौकोनात पिवळं हेल्मेट घातलेला हसरा माणूस, आकडा शून्य. म्हणजे शून्य अपघात असं नव्हे, आकडाच नाही.

आता गेल्या जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस, तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये गुडघाभर पाणी, वीज बंद. पाणी ओसरल्यावर कंत्राटदाराचा एक पोरगा आला. पायात स्लीपर, टेस्टर दातांत, रबरी हातमोजे मागच्या खिशात खोचलेले. मी म्हटलं, "अरे, हातमोजे घाल की." तर म्हणतो, "काका, ते घालून स्क्रू हातात येत नाही." एकूण नऊ तास आम्ही अंधारात.

माझं म्हणणं एवढंच की हे चार चौकोन सारखे नाहीत. पैशाची काळजी वीज नियामक आयोगच घेतो, दर ठरवताना भागभांडवलावरचा परतावा धरूनच देतो. रोपं लावायला महापालिकेचं उद्यान खातं आहे. कंपनीने आधी माणसं मरणार नाहीत एवढं बघावं.

जुना_फोरमन
तीस वर्षं याच धंद्यात गेली, तेव्हा थोडं तिखट बोलतो. मीटररूम सोसायटीची. जागा तुम्ही द्यायची, कोरडी तुम्ही ठेवायची, मीटरच्या पुढची वायरिंगही तुमचीच. पाणी शिरल्यावर वीज बंद केली हीच ती सुरक्षितता! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत कित्येक ठिकाणी पाणी उतरेपर्यंत वीज बंद ठेवली होती. लोकांनी शिव्या घातल्या. चालू ठेवली असती तर शिव्या घालायला किती जण उरले असते?

आणि परतावा आयता मिळतो हे अर्धसत्य. विजेची गळती ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेली, खर्च आयोगाला पटला नाही, की कंपनीला झळ बसतेच. पैसा नसलेल्या कंपनीची सुरक्षितता बघायची असेल तर गावी जा. डीपीची, म्हणजे रस्त्यावरच्या वीजपेटीची, दारं उघडी, फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा.

मधला_मजला
नऊ तासांची तक्रार मागे घेतो. स्लीपरची नाही घेत.

भिऱ्याची_लेक
तुम्ही दोघं मीटररूममध्येच अडकलात. मुंबईचा दिवा लागतो कुठे आणि काजळी धरते कुठे, हे बघा जरा. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळातले शेतकरी शेतात बसले. जमिनी गेल्या त्या गेल्याच. सह्याद्रीच्या पूर्वेला वाहणारं पाणी वळवून कोकणात भिऱ्याला सोडलं, १९२७ मध्ये वीजघर सुरू झालं आणि वीज गेली मुंबईला. आमच्या घरात अजून 'टाटाचं पाणी' असंच म्हणतात.

डहाणूचं घ्या. ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, शेजारी चिकूच्या वाड्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं, त्याने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २००७ मध्ये धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा चालू झाली. पर्यावरणाचं उद्दिष्ट असं पूर्ण होतं, कुणीतरी मानगुटीवर बसल्यावर. 'रोपं लावणं उद्यान खात्याचं काम' म्हणून तुम्ही कंपनीला फार स्वस्तात सोडताय, मधला_मजला.

जुना_फोरमन
ताई, डहाणूबद्दल वाद नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास जवळजवळ अख्खी मुंबई बंद, लोकल रुळांवर उभ्या, इस्पितळं जनरेटरवर. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या कोलमडल्या आणि शहराला ग्रिडपासून वेगळं काढून चालू ठेवणारी आयलँडिंगची व्यवस्थाही टिकली नाही. नवी वाहिनी आणायची तर खारफुटी आडवी येते, उच्च न्यायालयाची परवानगी लागते. शहरातच जास्त कोळसा जाळायचा तर ट्रॉम्बेचं वीजघर, म्हणजे माहुल-चेंबूरवाल्यांच्या नाकाशी. आणायची कुठून?

भिऱ्याची_लेक
वापर कमी करा, हे उत्तर तुमच्या यादीत कधीच नसतं. काचेच्या इमारती बांधायच्या आणि भर डिसेंबरात एसी लावायचा.

बसस्टॉप
सामाजिक बांधिलकीसाठी पत्रिका छापावी लागत नाही. बेस्ट, म्हणजे मुंबईत बस चालवणारी आणि शहर भागाला वीजही देणारी संस्था, १९४७ मध्ये महापालिकेकडे आली आणि पुढे कित्येक वर्षं विजेच्या शिलकीतून बसची तूट भरली जात होती. कुलाब्याच्या दिव्याने गोवंडीचा माणूस कामावर पोचायचा. याहून मोठी बांधिलकी दाखवा.

कुलाब्याचा_ग्राहक
माझ्या बिलात बसची तूट काय म्हणून? मी बसने जात नाही.

बसस्टॉप
तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी जातात.

कुलाब्याचा_ग्राहक
मग त्यांचं भाडं मी देईन, पगारात. वीज कायदा २००३ नंतर दोन धंद्यांचे हिशेब वेगळे हवेत हे तरी मान्य करा. पुढे 'परिवहन तूट' म्हणून बिलात वेगळी ओळ आली, तेव्हा निदान कळलं तरी की आपण किती देतोय. आधी तेही कळत नव्हतं.

मधला_मजला
म्हणजे तेच. बांधिलकी कंपनीची, पैसे आमचे. सीएसआर, म्हणजे कंपनीचा समाजकार्यावरचा खर्च, तोही शेवटी आमच्या बिलातूनच जातो ना?

ताळेबंद
नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यावर घालायची. ती नफ्यातून जाते, दरात धरत नाहीत. सुरक्षिततेचा खर्च मात्र दरात येतो. म्हणजे रोपं भागधारकांची, हातमोजे तुमचे.

खरी मेख पुढे आहे. नवी केबल टाकली की तो भांडवली खर्च, त्यावर वर्षानुवर्षं परतावा मिळतो. हातमोजे, प्रशिक्षण, जोडीला दुसरा माणूस हा सगळा देखभाल-दुरुस्तीचा खर्च. तो फार तर भरून निघतो, त्यावर कमाई नाही. उलट त्यात बचत केली तर फायदा. म्हणून केबल टाकायला कंपनी एका पायावर तयार आणि दुसरा माणूस द्यायला कंत्राटदाराकडे बोट. दराच्या याचिकेवर जनसुनावणी होते, हरकत कुणालाही घेता येते. तिथे रोपांबद्दल विचारू नका. देखभालीतला किती पैसा कंत्राटी कामगाराच्या अंगावरच्या साधनांवर गेला, ते विचारा.

जुना_फोरमन
हे मात्र बिनतोड. आणि त्या पोराचं खरं होतं, मधला_मजला. ११ केव्हीचे, म्हणजे उच्च दाबाच्या कामाचे, जाड हातमोजे घालून मीटरचा स्क्रू कुणाच्या बापाला धरता येणार नाही. ४१५ व्होल्टच्या कामाला पातळ जोड मिळतो. त्याला स्टोअरमधून चुकीचा जोड टेकवला असणार आणि कागदावर 'साधनं दिली' अशी सही घेतली असणार. मी स्वतः अशा सह्या घेतल्यात, खोटं कशाला बोलू.

बरं, तुमचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहेत? पाणी चढलं त्या रेषेच्या वर घ्यायला अर्ज करता येतो. खर्च सोसायटीला पडेल.

मधला_मजला
आत्ताच टेप घेऊन खाली गेलो होतो. मीटररूमला कुलूप. वॉचमन म्हणतो किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी शिमग्याला गावी गेलेत, गुढीपाडव्यानंतर येतील.

जुना_फोरमन
आणि आज रात्री आत ठिणगी उडाली तर? आधी त्या किल्लीची दुसरी प्रत काढा.