एसीएलची (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाची) दुसरी शस्त्रक्रिया: जिना उतरायची भीती

प्रश्न: दुसऱ्या शस्त्रक्रियेला 7 महिने झाले. ग्राफ्ट (बसवलेला नवा अस्थिबंध) नीट आहे, पण जिना उतरताना गुडघा दगा देईल असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर 1: आधी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या. 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ती भीती साधार आहे. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून भागत नाही.

उत्तर 2: आरशासमोर 10 सेंमीची पायरी. शस्त्रक्रियेचा पाय पायरीवर ठेवा, दुसऱ्या पायाची टाच 3 सेकंदांत सावकाश जमिनीला टेकवा. 8 वेळा, 3 फेऱ्या. कठडा धरलात तरी चालेल. गुडघा आत झुकला की थांबा, बहुतेकांचं इथेच चुकतं. दुसऱ्या दिवशी सूज नसेल तरच 15 सेंमी.

उत्तर 3: एसीएल-आरएसआय प्रश्नावली (खेळात परतायची मनाची तयारी मोजणारी) दर महिन्याला भरा: 12 प्रश्न, 0 ते 100 गुण. कबड्डी-फुटबॉल 9 महिन्यांआधी नकोच.