मदत हवी आहे: कोची, रविवारची सकाळ आणि आईचे गुडघे

शुक्रवारी दुपारी कोचीत पोहोचतोय, रविवारी दुपारी परतीची गाडी. अडचण वारांची आहे. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद, १५६८चं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद. म्हणून दोन्ही रविवारी सकाळी ठेवलीत, शेजारी-शेजारीच आहेत. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं मात्र घाईत बघायची नाहीत, मुख्यतः त्यांच्यासाठीच येतोय. वास्को द गामाला १५२४मध्ये पुरलं ते सेंट फ्रान्सिस चर्च आणि मासेमारीची चिनी जाळी शनिवारी.

मुक्काम खाडीपलीकडे एर्नाकुलमला. आईला जिने झेपत नाहीत. वॉटर मेट्रोच्या (कोचीची बोटसेवा) वेळा पाहिल्यात. टॅक्सीने लांबचा वळसा नकोय, आईला बोटीनेच जायचंय.

हायकोर्ट धक्क्यावर बोटीत चढताना पायऱ्या लागतात का? आणि राजवाड्याची दालनं वरच्या मजल्यावर आहेत, तिथला जिना किती उभा आहे?