ग्रुप: भुसावळचं घर. यंदाचा नाताळ कुठे करायचा?

रविवार, २६ ऑक्टोबर

आत्या (नवापूर), दु. १:४०
सगळ्यांना जय ख्रिस्त. आज भुसावळला मंडळीत (चर्चमध्ये) हंगामाचा सण होता, पिकातलं काहीतरी नेऊन देवाला वाहायचा. ग्रुपवर कोणी एका शब्दाने बोललं नाही. मला चर्चमधल्या बाईंचा फोन आला तेव्हा कळलं, आप्पा एकटेच रिक्षात केळीचा घड घेऊन आले. ८१ वर्षांचा माणूस. घड उतरवायला रिक्षावाल्याने हात लावला. आपलं एक माणूस नव्हतं तिथे. आमच्या आईला जाऊन अजून चार महिने व्हायचेत.

बाबा, दु. १:५२
ताई, जय ख्रिस्त. दर रविवारी मीच जातो हे तुला माहीत आहे. कापसाच्या जिनिंगमध्ये सीझन सुरू झालाय, दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली आहे. आज सुट्टी मिळाली नाही.

आत्या (नवापूर), दु. १:५५
जळगावहून पंचवीस किलोमीटर. मी काही बोलत नाही.

आई, दु. १:५८
ताई, बोललातच की. दवाखाना, बँक, गॅस, सगळं आम्हीच बघतोय. तेव्हा कोणाचा फोन येत नाही.

थोरले काका (नाशिक), दु. २:०५
विषयाला धरून बोला. २३ डिसेंबरचं रेल्वे बुकिंग परवा शुक्रवारी सकाळी ८ वाजता उघडलं. आता १२० दिवस आधी नाही, ६० दिवस आधी उघडतं, हे मी मागच्या आठवड्यातच लिहिलं होतं. पुणेकरांना महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा आझाद हिंद. कोण कोण येणार, नाव आणि वय लिहा.

पुण्याचा दादा, दु. २:२०
पप्पा, आधी ठरू तर द्या. मी आणि हिने विचार केलाय, यंदा आप्पांनाच पुण्याला आणू. घरात लिफ्ट आहे, चर्च दहा मिनिटांवर. आजी नसताना त्या घरात चूल कोण पेटवणार? सगळ्यांचीच ओढाताण होईल.

आत्या (नवापूर), दु. २:२२
विचार केलाय म्हणजे ठरवलंय. आप्पांना विचारलं का?

पुण्याचा दादा, दु. २:२३
विचारणारच होतो.

वहिनी, दु. २:३०
आत्या, राग मानू नका. पहिलं वर्ष आहे. नाताळची चांदणी लावायची का, फराळ करायचा का, हाही प्रश्न आहेच. आमच्या माहेरी माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी गोड करत नाहीत. पुण्यात साधेपणाने भक्तीला जाऊन आलो की झालं.

आतेभाऊ (नवापूर), दु. २:३४
आणि मुलांची नाटिका? भुसावळच्या रविवार शाळेत आपल्या चारही पोरांची नावं दिली आहेत. चौघांनाही मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, व्हायचंय.

छोटा, दु. २:३५
चार मागी?? भो, तिसऱ्यालाच दाढी पुरत नाही दरवर्षी 😄

थोरले काका (नाशिक), दु. २:४१
मागी तीनच होते असं कुठे लिहिलंय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात भेटी तीन आहेत, सोने, ऊद आणि गंधरस. माणसं किती ते लिहिलेलं नाही. चार चालतील.

आतेभाऊ (नवापूर), दु. २:४३
चौथ्याच्या हातात काय द्यायचं मग?

छोटा, दु. २:४३
केळीचा घड. जळगावचा मागी.

बाबा, दु. २:४५
छोट्या, वेळ काय, विषय काय.

थोरले काका (नाशिक), दु. २:५०
नाव आणि वय लिहा. वेटिंग लागलं की मला सांगू नका.

काकू (नाशिक), दु. ३:१०
मला एक सांगायचं आहे. पुढच्या रविवारी २ नोव्हेंबर. आमच्या वसईकडे हा सगळ्या मृतांचा दिवस. कबरस्तानात पाय ठेवायला जागा नसते, प्रत्येक कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या. आईंच्या कबरीवर त्या दिवशी कोणीतरी जावं असं मला मनापासून वाटतं. मी आणि हे नाशिकहून यायला तयार आहोत.

आत्या (नवापूर), दु. ३:१४
वहिनी, भावना समजते. पण आपल्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. आई कॅथलिक नव्हती. पाळकसाहेबांना काय वाटेल?

काकू (नाशिक), दु. ३:२०
ताई, तीस वर्षं मी तुमच्या चर्चला येते, तुमची गीतं म्हणते. प्रार्थना करू नका. कबरीवरचं गवत तर काढाल? पावसाळ्यात कमरेएवढं झालं असेल. माती खचली असेल. लाकडी क्रूस सरळ उभा आहे का, हे कोणी बघितलं का?

(पंधरा मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

बाबा, दु. ३:३६
क्रूस कलला होता. दसऱ्याला मी दगड लावून सरळ केला. गवत काढायचं राहिलं. वहिनी, तुम्ही या. मी विळा घेऊन येतो.

आत्या (नवापूर), दु. ३:४०
मेणबत्ती लावली तर माझी हरकत नाही. तेवढं बोलले ते मनात ठेवू नका.

काकू (नाशिक), दु. ३:४१
नाही ठेवत 🙏

छोटा, दु. ४:०२
कॅरलचं, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी फिरायचं पण बोला ना. तरुण संघाने यंदा कीबोर्ड आणि साउंड भाड्याने घ्यायचं ठरवलंय. छोट्या टेम्पोत बसवून रेल्वे क्वार्टरमध्ये फिरवू. दोन-तीन हिंदी गाणी बसवली आहेत, भारी होतील.

थोरले काका (नाशिक), दु. ४:१५
टेम्पो कशाला? पेटी, तबला, झांज आणि चालत जायचं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मंडळीला अभंग दिले, ओव्या दिल्या, कीर्तन दिलं. त्याआधी बऱ्याच गीतांत इंग्रजी चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसवलेले असायचे. ज्या माणसाने आपल्याला आपल्या चालीत गायला शिकवलं, त्याचं एकही गीत तुमच्या यादीत नाही?

छोटा, दु. ४:१७
काका, दोन आहेत. यादी न बघताच बोलू राहिले तुम्ही.

आतेभाऊ (नवापूर), दु. ४:२०
आमच्याकडची पोरं मावची बोलीत गातात, ढोलावर. ती यायची म्हणतात. नवापूर स्टेशनवर बसूनच प्रॅक्टिस करतील.

छोटा, दु. ४:२१
स्टेशन अर्धं गुजरातमध्ये, अर्धं महाराष्ट्रात. म्हणजे ढोल गुजरातमध्ये आणि गाणारा महाराष्ट्रात 😄

आत्या (नवापूर), दु. ४:२६
हसा, हसा. पण एक सांगते. कॅरलचं शेवटचं घर कायम आपलं. पहाटे दोन वाजता तीस-चाळीस माणसं, आणि आई त्या वेळी पोह्यांना फोडणी घालायची. पाहुणा आला तर उपाशी जाऊ नये, एवढंच म्हणायची. दाराला कुलूप असलं तर कॅरलवाले काय करतील? पुढे निघून जातील. मग पुढच्या वर्षी यादीत आपलं घर नसेल. घर असंच सुटतं.

पुण्याचा दादा, दु. ४:३३
आत्या, कायमचं नाही म्हणत. एका वर्षाचा प्रश्न आहे.

थोरले काका (नाशिक), दु. ४:३५
एका वर्षाचा असो, दोन वर्षांचा असो. तिकीट काढा. नाव आणि वय.

मी, सायं. ५:१०
मी लिहू का थोडं? काल शनिवारी मी भुसावळला गेले होते, आप्पांच्या गोळ्या द्यायला. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचे डबे पालथे घातलेले होते. सात. स्वच्छ घासून ठेवलेले. मला वाटलं घरातलेच. उचलून बघितले तर प्रत्येकावर वेगळं नाव कोरलेलं. शेजारच्या चौधरीकाकूंचा, समोरच्या पाटील वहिनींचा, दोन क्वार्टरमधल्या बायकांचे, एकावर तर ‘लग्नाची भेट’ आणि तारीख.

आप्पांना विचारलं. म्हणाले, दिवाळीत आले. दुःखाच्या घरात पहिल्या सणाला चुलीवर काही करत नाहीत, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी फराळ आणून दिला. चकली, शेव, अनारसे. अहो, कॉलनीतल्या या हिंदू बायकांना आजी गेल्याचं ध्यानात होतं. एकीने तर शंकरपाळ्यांच्या डब्यावर फडकं बांधून दिलं होतं, ते फडकंही आप्पांनी धुऊन इस्त्री करून वर ठेवलंय.

मी म्हटलं, आप्पा, मी जाता जाता परत देऊन येते. तर त्यांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. म्हणाले, “रिकामा डबा परत जात नाही. नाताळला भरून जातील.”

[फोटो: ओट्यावरचे सात डबे]

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

आई, सायं. ५:३१
आई दरवर्षी असंच करायच्या. दिवाळीत त्यांचे डबे आपल्याकडे, नाताळात आपले त्यांच्याकडे. करंज्या खोबऱ्याच्याच हव्यात, चौधरीकाकूंना रवा-पिठीसाखरेच्या चालत नाहीत. आणि केकमध्ये अंडं असेल तर दोन घरांना वेगळा.

आत्या (नवापूर), सायं. ५:३३
मला हे डबे माहीतच नव्हते.

बाबा, सायं. ५:३४
मी दर रविवारी जातो, मलाही दिसले नाहीत.

वहिनी, सायं. ५:४०
डबे बघून मला कसंतरी झालं. पहिल्या वर्षी गोड करू नये म्हणाले, ते मागे घेते. खोबरं पुण्याहून आणू का? की तिकडे बरं मिळतं?

आई, सायं. ५:४२
तिकडेच घेऊ. तुम्ही वेलची आणि खसखस आणा.

काकू (नाशिक), सायं. ५:५०
सात डब्यांच्या करंज्या म्हणजे दोनशे तरी. २२ तारखेला बसावं लागेल. लाटायला चौघी हव्यात.

छोटा, सायं. ५:५१
कातण फिरवायला मी.

आई, सायं. ५:५१
मागच्या वर्षी तू सारण खाऊन बसलास.

पुण्याचा दादा, सायं. ६:०५
ठीक आहे. पुण्याचा विषय सोडला. पण एक मनापासून सांगतो, रात्री जागून स्वयंपाक बायकांनीच करायचा आणि आपण कॅरलमागे फिरायचं, हे चालणार नाही. पोहे यंदा मी करतो.

आत्या (नवापूर), सायं. ६:०७
चाळीस माणसांचे? देव तुझं भलं करो.

थोरले काका (नाशिक), सायं. ६:१०
आता तरी लिहा. नाव आणि वय.

आतेभाऊ (नवापूर), सायं. ६:१२
काका, आमचं तापी लाइनवर जनरल डब्यात चालतं. सुरत-भुसावळने येतो. नाव-वय ढोलाचं लिहू का?

आत्या (नवापूर), सायं. ६:२०
२६ तारखेला मळ्यात भरीत करायचं का? आईच्या वेळी व्हायचं. त्या सुमाराला भरिताची वांगी ऐन भरात असतात. कापसाच्या पळाट्यांवर भाजायची, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, लसूण, सोबत कळण्याची भाकरी.

बाबा, सायं. ६:२३
शेजारच्या चौधरींनी आधीच सांगून ठेवलंय, वांगी त्यांची.

आत्या (नवापूर), सायं. ६:२५
हंगामाच्या सणात आलेल्या वस्तूंच्या लिलावाचं एक राहिलं. त्या बाईंनी सांगितलं, एका म्हाताऱ्या बाईने दुध्या भोपळा आणला होता. दरवर्षी आणतात. त्यावर बोली कोणी लावत नाही, तो शेवटी दहा-वीस रुपयांत जायचा. आई कायम त्याच्यावर बोली लावायची. आज आप्पांनी लावली. कोणी समोर नसताना त्यांनी स्वतःच वाढवत वाढवत पाचशेपर्यंत नेली. मग भोपळा घेतला आणि परत टेबलावर ठेवला, पुन्हा विकायला. त्या बाई रडल्या म्हणे.

बाबा, सायं. ६:२९
पुढच्या वर्षी सुट्टी आधी टाकतो.

वहिनी, सायं. ६:४०
चांदणीचं काय मग? लावायची?

(आप्पा सहसा लिहीत नाहीत. त्यांचा मेसेज रात्री ९:१५ ला आला.)

आप्पा, रात्री ९:१५
जय ख्रिस्त. वाचलं सगळं. चांदणी कपाटावर आहे. कागद लाल लावायचा, तिला लाल आवडायचा. वायर उंदरांनी कुरतडली. वीस फूट वायर आणि एक होल्डर आणा. २ तारखेला विळा नको, माझ्याकडे आहे. आज संध्याकाळी मागच्या गल्लीतून आणखी दोन डबे आले. नऊ झाले.

थोरले काका (नाशिक), रात्री ९:२०
आप्पा, आणतो वायर. बाकी मंडळी, नाव आणि वय लिहा.

पुण्याचा दादा, रात्री ९:४४
पप्पा, काढली. महाराष्ट्र एक्सप्रेस, २३ तारीख, चार जागा, वेटिंग १८. कन्फर्म होतं.

आई, रात्री ९:४६
नऊ डबे म्हणजे अडीचशे करंज्या. ताई, २१ लाच या.