मदत हवी आहे: दत्तक मुलगी, घरात दोघी पालक, ज्युनिअर केजीचा प्रवेश (पुणे)

तगर:
मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दत्तक आदेश एकटीच्या नावावर आहे, पण वाढवणाऱ्या दोघी. ती एकीला आई म्हणते, दुसरीला माई. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात आहे, नवा जन्मदाखला यायचाय. आधार कार्ड संस्थेत असताना काढलेलं, जुन्या नावाचं. जूनमध्ये शाळा सुरू होईल. अडचणी अशा:
१. ऑनलाइन अर्ज वडिलांच्या नावाशिवाय पुढे सरकत नाही.
२. शाळा दत्तक आदेशाची प्रत मागते. द्यावी का?
३. माईला शाळेत कागदोपत्री काय स्थान मिळू शकतं?
४. वर्गशिक्षिकेला किती सांगायचं?

कागदपत्रे_नीट:
आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा. हा क्रम मोडू नका. दाखल्यासाठी जन्मनोंदणी कार्यालयात अर्ज करणं हे दत्तक संस्थेचं काम आहे, म्हणून तगादा संस्थेकडे लावा. नव्या दाखल्यावर पालक म्हणून तुमचं नाव येतं आणि आदेशातली जन्मतारीख. आधारमधलं नाव त्या दाखल्यावरून दुरुस्त करून घ्या. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यावेच लागतात, पण नावासाठी तोवर थांबू नका.

वडिलांच्या रकान्यात टिंब किंवा 'लागू नाही' टाकू नका. ओळखपत्रावर तेच मधलं नाव म्हणून छापलं जाऊ शकतं. अर्ज कागदावर भरून द्या आणि सोबत एका ओळीचं पत्र जोडा: 'एकल पालक, जन्मदाखल्याप्रमाणे नोंद करावी.' अविवाहित आईला जन्मदाखल्यासाठी वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लागतंच. तुमची मुलगी त्याआधीची, तरी हा मुद्दा कारकुनासमोर उपयोगी पडतो.

एवढा आग्रह का? पहिलीत जनरल रजिस्टरला (शाळेच्या कायमच्या नोंदवहीत) जे नाव चढतं तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत चालतं, आणि बदलायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बऱ्याचदा केजीच्या अर्जातलं नावच तिथे उतरवलं जातं.

आदेशाची प्रत शक्यतो देऊ नका. दाखला मिळाल्यावर तर गरजच नाही. तो वेळेत आला नाही तर संस्थेकडून 'दाखला प्रक्रियेत आहे' असं पत्र घ्या, मूळ आदेश मुख्याध्यापकांना दाखवा आणि परत आणा. एकदा झेरॉक्स फायलीत गेली की ती कोण कोण वाचतं यावर ताबा राहत नाही. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सहा ते चौदा वयोगटाच्या प्राथमिक शिक्षणासाठी आहे, केजीच्या खिडकीवर ते फडकवून फार काही साधत नाही.

चिंचोळी_गल्ली:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही समलिंगी जोडप्याला एकत्र दत्तक घेता येत नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी माई पालक नाही. पण शाळेच्या रोजच्या कामांसाठी आईचं अधिकारपत्र पुरतं, फक्त ते मोघम नको. माईचं पूर्ण नाव, फोटो, फोन नंबर, आणि तीन परवानग्या वेगवेगळ्या लिहा: मुलीला घरी नेणे, पालकसभेला बसणे, आई फोनवर सापडली नाही तर दवाखान्यात नेणे. मुदत एक शैक्षणिक वर्ष. तीन प्रती करा, एक शाळेला द्या, दुसरीवर पोच घ्या. तिसरी प्रत बसच्या ताईंना आणि फाटकावरच्या वॉचमनला दाखवून ठेवा. दुपारी साडेबाराला अडवणारा माणूस मुख्याध्यापक नसतो.

आईच्या पश्चात हे पत्र निरुपयोगी. त्यासाठी मृत्युपत्रात माईला मुलीची पालक नेमा, दोन साक्षीदार हवेत. वकील गाठाच.

बालवाडी_बाई:
बाईंना तीन गोष्टी सांगा: घरी आई आणि माई आहेत, मुलीचं नाव नुकतंच बदललं आहे (जुन्या नावाला ओ देईल, हसू नये), आणि निरोपाच्या वेळी ती जास्त घाबरेल. कुठून आली, जन्मदात्री कोण, का सोडलं, हे सांगू नका. ती माहिती मुलीची आहे, आणि तिला ती घरी आधी कळायला हवी.

आरोग्य फॉर्मवर जन्मवेळचं वजन, प्रसूतीचा प्रकार वगैरे संस्थेच्या वैद्यकीय अहवालात असेल तेवढंच भरा. बाकी ठिकाणी 'माहिती उपलब्ध नाही'. अंदाजाने 'नॉर्मल' लिहिलं तर पुढे डॉक्टरांची दिशाभूल होते.

जूनमध्येच वर्षाचं वेळापत्रक मागा. 'माझे कुटुंब'चं झाड, तान्हेपणीचा फोटो, आईच्या पोटातलं बाळ, मातृदिन: हे चार प्रसंग कधी येणार ते आधीच कळलं तर तोडगा निघतो. फोटो 'माझा आवडता' करा, झाडाऐवजी घराचं चित्र काढून त्यात राहणारी माणसं.

शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं करणं आणि 'आज आई न्यायला येणार नाही' ही धमकी, या दोन गोष्टींना स्पष्ट नाही म्हणा. दुसरी तर आपल्याकडे अगदी सहज दिली जाते. सुटायच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, शेवटी उरलेलं मूल ती असू नये. सकाळी लपून निसटू नका, रडली तरी सांगून निघा. डब्यातला खाऊ दप्तरात लपवला तर रागवू नये. एक कोरडा खाऊ कायम दप्तरात राहू द्या, बहुतेकदा लपवणं आपोआप कमी होतं.

तगर:
सगळ्यांचे आभार. शाळेने 'माईच्या जागी मावशी लिहून टाका' असं सुचवलंय. चालेल का?

बालवाडी_बाई:
नको. फॉर्मवर मावशी असेल तर बाई मुलीला 'माई नाही, मावशी म्हण' असं दुरुस्त करत बसतील, वर्षभर. नात्याच्या रकान्यात 'घरातील पालक' लिहा आणि कंसात 'मुलगी माई म्हणते'.

चिंचोळी_गल्ली:
शिवाय खोटं नातं लिहिलेला कागद उद्या दवाखान्यात दाखवला आणि अधिकारपत्रावर वेगळं निघालं, तर दोन्ही कागद संशयात जातात.