वकिलाविरुद्धची तक्रार वकिलांनीच ऐकायची?

रानवारा:
काका अपघातात गेले. मावशीला मोटार अपघात दाव्यात नुकसानभरपाई मंजूर झाली आणि वकीलसाहेबांनी त्यातले २५ टक्के सरळ कापून घेतले. "असंच असतं," म्हणाले. असं नसतं! निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत साफ बंदी आहे. तक्रार कर म्हटलं, तर मावशी विचारते, "ऐकणार कोण?"

ऐकणार वकीलच. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीत तिघे असतात. दोघे कौन्सिलचे सदस्य, तिसरा कौन्सिलबाहेरचा, पण तोही वकीलच. सदस्यांना निवडून देणारेही वकील. आज ज्याची सनद काढायची, त्याच्याच दारात उद्या मत मागायला जायचं. ग्राहक मंचाचा रस्ता होता, तोही २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केला: वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही म्हणे. समितीत निदान एक तरी बिगर-वकील हवा.

काळा कोट:
तालुका कोर्टात २२ वर्षं काढलीत. मावशींच्या बाबतीत झालं ते चूकच. पण माझ्यावर आजवर दोन तक्रारी झाल्या, दोन्ही समोरच्या पक्षकाराच्या. दावा हरला की न्यायाधीशावर बोलता येत नाही, मग वकील सापडतो.

आणि तुमचा तो बिगर-वकील नेमणार कोण? सरकारच ना? मग सरकारविरुद्ध उभा राहणाऱ्याची सनद किती दिवस टिकेल? राजद्रोहाच्या शिक्षेनंतर १९२२ मध्ये लंडनच्या इनर टेंपलने गांधीजींचं नाव पटावरून काढलं, ते परत लागायला १९८८ उजाडलं.

रानवारा:
इनर टेंपल म्हणजे सरकारी खातं होतं का हो? ती बॅरिस्टरांचीच संस्था. वकिलांनीच वकिलाला काढलं! आणि त्याच इंग्लंडात आज सॉलिसिटरांच्या शिस्त न्यायाधिकरणावर वकील नसलेला सदस्य बसतो. तिथली वकिली काही बुडाली नाही.

काळा कोट:
उदाहरण माझ्यावरच उलटलं, कबूल. पण शेवटचा शब्द आपल्याकडेही वकिलांचा नसतो, अपील सुप्रीम कोर्टात जातं. आणि सगळी कौन्सिलं डोळे मिटून बसतात असंही नाही. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाबाहेर अशिलांवर झडप घालणाऱ्या, कागद हिसकावणाऱ्या वकिलांना आपल्या राज्याच्या कौन्सिलने दोषी धरलं होतं. दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना सोडलं, तर आपलं कौन्सिल स्वतः सुप्रीम कोर्टात गेलं. तुला अपिलाचा अधिकारच काय, इथून वाद सुरू झाला. १९७५ मध्ये कोर्टाने तो अधिकार मान्य केला.

निवृत्त नाझर:
दोघेही वरच्या मजल्यावर भांडताय, तक्रारदार जिन्यातच अडकलाय. राज्याच्या समितीने एका वर्षात निकाल द्यायचा, नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे दिल्लीला. उशीर समितीचा आणि हेलपाटे विधवा बाईला!

शिक्षेचंही बघा. समज, ठरावीक काळ निलंबन, नाही तर नाव पटावरून कमी. पैसे परत मिळवून देणं यात कुठेच नाही. अशिलाची फाईल अडवणाऱ्या एका वकिलाचं प्रकरण २००० मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. फी थकली तरी कागद अडवता येत नाहीत, हे पक्कं झालं. त्या वकिलाला मात्र १८ महिन्यांची बंदी होती, ती समज देण्यावर आली. त्यामुळे समितीत बाहेरचा कोण बसतो, याने मावशींचे २५ टक्के परत येणार नाहीत. त्यासाठी दिवाणी कोर्ट.

रानवारा:
म्हणजे वकिलाविरुद्ध लढायला पुन्हा वकीलच लावायचा. आणि गावात त्याच्याविरुद्ध वकीलपत्र घेणार कोण?

काळा कोट:
ही अडचण खरी आहे, बारमध्ये रोज तोंडं बघायची असतात. शेजारच्या जिल्ह्यातला बघा. फीची पावती आहे का?

रानवारा:
पावती! तुम्ही देता?

काळा कोट:
...मागितली तर देतो. ते असो. भरपाई मावशींच्या खात्यात आली असेल, मग त्यातून पैसे निघाले कसे?

रानवारा:
कोऱ्या चेकवर सह्या आधीच घेतल्या होत्या. वकीलपत्रावर सही घेतली त्याच दिवशी.

काळा कोट:
मग टक्केवारी दुसऱ्या परिच्छेदात लिहा. तक्रारीची सुरुवात या चेकपासून करा, आणि बँकेतून चेकची नक्कल आजच मागवा.